भाऊ चार वर्षं बरा आहे, मग लिथियम बंद करायचं का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाकटा भाऊ २९ वर्षांचा, देवगडजवळ घरची हापूसची बाग बघतो. २३ व्या वर्षी ऐन सीझनमध्ये त्याची झोप उडाली आणि व्यापाऱ्याकडून मोठी उचल घेऊन तो दुसऱ्यांच्या तीन बागा कराराने घेऊन बसला. दोन वर्षांनी पुन्हा तसंच झालं, तेव्हा दाखल करावं लागलं. मधे एकदा दोन महिने तो खोलीबाहेरच आला नाही. निदान बायपोलर, म्हणजे मूड कधी भलताच चढतो (मॅनिया) तर कधी खोल उतरतो (डिप्रेशन) असा आजार. गेली चार वर्षं रोज ९०० मिलिग्रॅम लिथियम चालू आहे आणि तो उत्तम आहे. आता लग्नाची बोलणी चालली आहेत, आईला कोणीतरी सांगितलंय की या गोळ्यांनी किडनी जाते, आणि घरात सगळ्यांचं म्हणणं एकच: बरा झालाय, तर आता गोळ्या कशाला?

याच प्रश्नात तुम्ही दोन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत. सगळं ठीक चाललंय म्हणून दोन वर्षांत रक्त तपासलेलं नाही. आणि पेट्या उचलून कंबर धरली की तो मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेतो. मला खरी काळजी या दोन वाक्यांची वाटली. गोळी किती वर्षं घ्यायची याचं उत्तर सावकाश ठरवता येईल. रक्त मात्र या आठवड्यात तपासून घ्या.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात मानसोपचार करते. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्याचे कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा हे वाचून डोस बदलू नका. त्याच्या डॉक्टरांना काय विचारायचं आणि कशाच्या आधारावर ठरवायचं, एवढं यातून मिळालं तर मला समाधान आहे.

आधी ‘बरा झालाय’ हे बघू. बायपोलरमध्ये दोन एपिसोडच्या, म्हणजे त्रासाच्या दोन फेऱ्यांच्या मधे माणूस बहुधा चांगला असतो, कामधंदा करतो, हसतो-बोलतो. आजाराचा स्वभावच तसा आहे. त्यामुळे चार वर्षांची शांतता गोळीमुळे आहे की आजार आपणहून गप्प बसलाय, हे वरून बघून कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. अंदाज बांधायचा तो मागच्या इतिहासावरून. त्रास किती वेळा झाला, किती जोराचा झाला, दोन वेळांमध्ये अंतर किती होतं, घरात आणखी कोणाला आहे का, दारू आहे का, मधे गोळ्या चुकल्या तेव्हा काय झालं. एकदाच झाला, फार जोराचा नव्हता आणि त्यामागे काहीतरी ठळक कारण सापडलं, तर किमान दोन वर्षं औषध देऊन मग डोस उतरवून बघण्याचा विचार मी करते. तुमच्या भावाचं चित्र तसं नाही. पंचविशीच्या आत दोनदा मॅनिया, त्यात एकदा दाखल, शिवाय एक लांबलेलं डिप्रेशन. अशा माणसाने औषध सोडलं तर त्रास परत येण्याचीच शक्यता जास्त असते.

म्हणून माझं मत सांगायचं तर लिथियम चालू ठेवावं. चार पावसाळे घर गळलं नाही म्हणून कोणी शाकारणी सोडत नाही. ‘जन्मभर’ हा शब्द मात्र मी पेशंटपुढे काढत नाही. पल्ला लांबचा आहे हे स्पष्ट सांगते, आणि दर वर्षी एकदा बसून हिशेब मांडायचा असं ठरवते. या वर्षी गोळीने काय दिलं, काय घेतलं, रिपोर्ट काय म्हणतात, पुढच्या वर्षात घरात काय वाढून ठेवलंय. एकोणतिसाव्या वर्षी साठीपर्यंतचा निर्णय घ्यायची कोणालाच गरज नाही.

यात आणखी एक गोष्ट धरायला हवी. लिथियमने आत्महत्येचा धोका कमी होतो, आणि याबाबतीत त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्याच मूड स्टॅबिलायझरचा, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचा नाही. घरचे लोक मॅनियाच लक्षात ठेवतात, कारण त्यात पैसे गेले, गावात बोलबाला झाला. मला त्या खोलीतल्या दोन महिन्यांची जास्त धास्ती वाटते.

आता किडनी. आईची भीती निराधार नाही. लिथियम शरीरातून बाहेर पडतं ते जवळजवळ सगळं किडनीवाटेच. बरीच वर्षं घेतल्यावर काही लोकांच्या किडनीची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते, मग तहान फार लागते, रात्री चार-चारदा उठावं लागतं. काहींच्या किडनीचं काम हळूहळू थोडं उतरतं. डायलिसिसपर्यंत जाणारे फार थोडे. कोणाची किडनी उतरते हे पाहिलं, तर लेव्हल, म्हणजे रक्तातलं लिथियमचं प्रमाण, वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त राहिलेले, मधे एखाद-दोनदा विषबाधा होऊन गेलेले आणि बीपी-शुगर सांभाळलेली नसलेले लोक त्यात जास्त असतात. या सगळ्या गोष्टी तपासणीत दिसतात आणि वेळेत दिसल्या तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. ज्या गोळीवर कोणाची नजर नाही, तिच्याबद्दल मात्र मी कसलाच शब्द देऊ शकत नाही.

शिवाय तुम्ही घाबरताय ते वीस वर्षांनंतरच्या किडनीला. मला येत्या मे महिन्याची जास्त भीती वाटते. कारण सांगते. लिथियम हा एक क्षार आहे. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये मॅनियावर त्याचा उपयोग नोंदवला, म्हणजे औषध पाऊणशे वर्षांचं जुनं आहे. ही झोपेची गोळी नव्हे आणि तिची नशाही लागत नाही. पण किडनी लिथियमला जवळपास मिठासारखंच वागवते. घामाने, जुलाबाने, उलट्यांनी अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवायला लागते, आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. डोस तोच, रक्तातली लेव्हल मात्र चढत जाते. उपयोगी लेव्हल आणि त्रासदायक लेव्हल यांत अंतर फार थोडं आहे. रोजच्या उपचारात आम्ही ती साधारण ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) ठेवतो, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात, काहींना त्याच्या आधीही.

एक पेशंट आठवतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. मच्छीमार बोटीवरचा खलाशी, लिथियमवर छान चाललेला. मे महिन्याच्या उकाड्यात बोटीवर असताना पाठ धरली, म्हणून सोबत नेलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या तो तीन-चार दिवस घेत राहिला. मग जुलाब सुरू झाले. बंदरात उतरला तो लटपटत, जीभ जड, हातातला चहाचा कप धरवेना. सगळ्यांनी समजून घेतलं की चढवून आलाय, आणि त्याला पडवीत झोपवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी काखेत धरून माझ्याकडे आणला तेव्हा त्याची बायको दारातूनच सांगत होती, “तो प्यायलेला नाही हो मॅडम, तोंडाचा वास घेऊन बघा.” तिचं म्हणणं खरं होतं. लेव्हल २ च्या वर गेली होती. लगेच मोठ्या रुग्णालयात हलवला आणि तो सावरला. अशा विषबाधेनंतर काहींचा चालण्यातला तोल कायमचा जातो, त्यामुळे त्या बाईने आणखी एक दिवस वाट पाहिली नाही हे फार मोलाचं ठरलं.

हे घरात सगळ्यांना माहीत हवं. लिथियम घेणारा माणूस झोकांड्या खायला लागला, बोबडं बोलायला लागला, हात ठळकपणे उडायला लागले, गुंगीत राहायला लागला, तर तो दारू प्यायलाय असं धरून चालायचं नाही. पुढची गोळी द्यायची नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जुलाब-उलट्या किंवा जोराचा ताप आला आणि पोटात काही ठरत नसेल, तर मी माझ्या पेशंटना लिथियम तेवढ्यापुरतं थांबवून लगेच फोन करायला सांगते. मग लेव्हल आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) बघून पुन्हा सुरू करतो. मीठ घातलेली पेज, ओआरएस, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी लगेच सुरू करावं. तुमच्या भावाच्या डॉक्टरांकडून अशा दिवसांसाठीची सूचना लिहूनच घ्या, कारण अशी वेळ नेमकी रविवारी रात्री येते. भात लावणीच्या दिवसांत ताप आला आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) मनात ठेवावाच लागतो. लेप्टो किडनीवर जातो, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांना ‘लिथियम चालू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.

दुखण्याच्या गोळीचं तेवढंच महत्त्वाचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या सगळ्या लिथियमची लेव्हल चढवू शकतात. कंबर दुखली तर पॅरासिटामॉल चालेल, पण दुसऱ्या कशाशी एकत्र केलेली गोळी असेल तर पाकिटामागची नावं वाचा. तेल, शेक, मलम आहेच. पुढे कधी बीपीची गोळी लागली तर त्या डॉक्टरांनाही लिथियमचं सांगा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल आणि नावापुढे ‘एच’ लागलेल्या, म्हणजे लघवी वाढवणारं औषध मिसळलेल्या गोळ्या, यांनीही लेव्हल वाढते. आणि कोणी सांगितलं म्हणून एकदम अळणी खायला लागू नका. मीठ रोज साधारण तेवढंच असू दे. निर्जळी उपास त्याने करू नये, देवाला दुसऱ्या मार्गानेही पुजता येतं.

तपासणी कशी करायची यात बऱ्याच ठिकाणी गडबड होते, म्हणून जरा तपशिलात सांगते. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा उगाच जास्त येतो आणि घाबरगुंडी उडते. दुसरं, तालुक्याच्या ठिकाणी रक्त घेतात आणि नमुना बाहेर पाठवतात. त्यांना सांगा की हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी वापरू नका. त्यातल्या पुष्कळ नळ्यांमध्ये लिथियम हेपॅरिनच असतं आणि निरोगी माणसाच्या रक्तातही लिथियम दाखवतं. साधी नळी हवी. लेव्हलबरोबर क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि कॅल्शियम. पहिल्या वर्षात लेव्हल दर तीन महिन्यांनी, नंतर सगळंच सहा महिन्यांनी. बागायतदारांना मी वेळ बांधून देते, एकदा सीझन सुरू व्हायच्या आधी आणि एकदा गणपतीनंतर. मच्छीमारांना जून-जुलैची बंदी सोयीची पडते. बोट किनाऱ्याला असते, माणूस घरी असतो.

थायरॉइड मंद झाला तर एक छोटी गोळी वाढते, त्यासाठी लिथियम सोडावं लागत नाही. हात थोडे थरथरणं, वजन वाढणं, तहान, यांवर बहुतेक वेळा डोस जरा कमी करून किंवा रात्री एकदाच देऊन मार्ग निघतो.

तुमच्या सगळ्या लिखाणात भावाचं स्वतःचं म्हणणं मला कुठे दिसलं नाही. आई काय म्हणते, काका काय म्हणतात, तुम्हाला काय वाटतं, हे आहे. त्याला एकट्याला विचारा. या वयाची मुलं माझ्याजवळ बहुतेक एकच गोष्ट बोलतात, “मॅडम, पूर्वीसारखी उमेद येत नाही.” कधी ती लेव्हल जास्त असल्याची खूण असते, कधी थायरॉइडची, कधी दबलेल्या डिप्रेशनची. आणि कधी ती मॅनियातल्या त्या तेजाची आठवण असते, आणि त्याविषयी दुःख वाटणं मी समजू शकते. जे काही असेल ते ऐकून घेतलं नाही, तर तो घरात वाद न घालता गुपचूप गोळ्या सोडेल. तो सज्ञान आहे आणि आज पूर्ण भानावर आहे, तेव्हा निर्णय त्याचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर पुढे कधी आजार बळावला तर कोणते उपचार करावेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे बरं असतानाच लिहून ठेवायचा हक्क त्याला दिला आहे. तो कागद करून ठेवावा असं मी सुचवेन.

गोळीइतकीच झोप महत्त्वाची, आणि आपल्याकडचं वर्ष झोप मोडण्यासाठीच आखलंय की काय असं वाटतं. मार्च ते मे आंबा उतरवणं, रात्री उशिरापर्यंत पेट्या भरणं, पहाटे गाडी वाशीला रवाना करणं. मधेच शिमगा, पालखी, रात्रभरचे खेळ. मग गणपतीची भजनं, पुढे जत्रांमधले दशावतार. त्याच्या दोन मॅनियांपैकी निदान पहिला तरी सीझनमध्येच सुरू झाला, हे लक्षात घ्या. सगळं सोडायला मी सांगत नाही, गावात राहून ते शक्यही नाही आणि त्याला ते आवडतं. पण सलग दोन रात्री जागायचं नाही, रात्रीच्या पॅकिंगला दुसरा माणूस ठेवायचा, दशावतार पाहायचा तर पहिला अर्धा पाहून घरी यायचं. आणि त्याची पहिली खूण कोणती हे दोन्ही वेळचं आठवून लिहून ठेवा. एकाच्या बाबतीत ती पहाटे तीनला बॅटरी घेऊन बागेत फिरणं होती. एका बाईंच्या बाबतीत सगळ्या माहेरवाशिणींना एकाच दिवशी फोन लावणं. प्रत्येकाची खूण वेगळी असते, पण त्या माणसाची बहुधा तीच राहते. ती दिसल्यावर दोन दिवसांत डॉक्टरांकडे पोचलात तर बरेचदा दाखल करायची वेळ येत नाही.

एवढं सगळं ऐकून त्याने बंद करायचंच ठरवलं तर? तर माझ्याकडचा पेशंट असता तरी मी त्याला सोडून दिलं नसतं. पण पद्धतीने. एका दिवसात गोळी तोडली तर मॅनिया उसळून येण्याचा धोका फार वाढतो, आणि तो पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांतच येतो. उतरवायला किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घ्यायचे. लग्नाच्या तोंडावर नाही, आंब्याच्या सीझनमध्ये नाही. त्या काळात घरातलं एक माणूस त्याची झोप आणि खर्च बघेल हे आधी ठरवायचं, ते काम त्याच्या संमतीनेच. पुष्कळ घरांत देवाला कौल लावतात. माझी त्याला ना नाही, माझे कितीतरी पेशंट कौल लावून धीर घेऊन येतात. गोळी कमी करायची ती मात्र रिपोर्ट समोर ठेवूनच.

लग्नाचं थोडक्यात सांगते. मुलीला आणि तिच्या घरच्यांना आधी सांगा. लपवून लग्न केलं की गोळ्याही लपवाव्या लागतात, मग त्या चुकतात, आणि लग्नाच्या धावपळीत झोपही गेलेली असते. शिवाय लपवलेला आजार पुढे कोर्टात उभा राहू शकतो. सांगताना तो काय काम करतो, चार वर्षं कसा आहे, हेही सांगा, हवं तर मुलीला डॉक्टरांशी बोलू द्या. मुलांना हा आजार होईल का, असं ती विचारेल. एका पालकाला असेल तर शंभरात साधारण पाच ते दहा मुलांना होऊ शकतो, म्हणजे बहुतेकांना होत नाही.

हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात मुलगी किंवा सून बायपोलरसाठी व्हॅल्प्रोएट घेत असेल तर तिच्यासाठी एक वेगळी सूचना. गरोदरपणात हे औषध बाळाच्या मणक्याला आणि बुद्धीला अपाय करू शकतं. मूल होण्याच्या वयात शक्यतो ते टाळतात, म्हणून दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. दिवस गेल्याचं कळलं तर स्वतःहून न तोडता त्याच दिवशी फोन करा. लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांनी, पाचेक दिवस गोळी चुकली तर जुन्या डोसवर परत जायचं नाही, छोट्या डोसपासून सुरुवात करावी लागते, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं.

गोळ्यांचा साठा पावसाळ्यात महिनाभराचा जास्त ठेवा, आणि तो उंचावर, कोरड्या डब्यात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी भरलं तेव्हा लोकांची औषधं आणि मेडिकलची दुकानं दोन्ही बुडाली होती. घाट बंद पडले की आपल्याकडे माल येत नाही हे तुम्हाला मुंबईत बसूनही माहीत आहे. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तो पुन्हा खोलीत कोंडून घ्यायला लागला किंवा मरणाची भाषा करायला लागला तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

रिपोर्ट आले की लेव्हल, क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि टीएसएचचे आकडे मला कळवा, दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला तर त्यातलेही. एकट्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त सांगून जातो. आणि शक्य झालं तर पुढचा प्रश्न भावालाच लिहू द्या.